आठवा

युरोपाचे खड्डे मोजते आहे,
रात्री, तुर्भे स्टोअरला, दुसऱ्या माळ्यावर.
खड्डे जितके कमी तितकं अंग कोवळं,
एवढंच गणित.
या चौकटीत सात निघाले. एक बहुधा सावली.

म्हणजे सहा कोटी वर्षं, थोडं इकडेतिकडे.
खालून पाणी येतं, भेग सांधतं, गोठतं,
जुनं लागलेलं दिसू देत नाही.

खिडकीत पारसिकचा डोंगर, अर्धा.
त्याचा काळा दगडही साधारण तेवढ्याच वयाचा,
पण त्याला कोण कोवळा म्हणेल?
यल्लप्पाकाका सुरुंगाची वात पेटवायचे
आणि मोठ्याने आकडे म्हणत पळायचे.
आम्ही शाळेत पाटीवर पंजा पसरून
धूळ बसायची वाट बघायचो.

एकदा आकडे संपायच्या आत उडाला.

ती खाण बंद आहे आता.
तळाशी पाणी साचलंय, हिरवं. पोरं सूर मारतात.
वरून बघितलं तर इतकं गुळगुळीत
की इथे काही झालंच नव्हतं.

पडद्यावर परत येते.
डाव्या कोपऱ्यात, भेगेच्या पलीकडे
एक कड आहे, नुसती कड,
आत बर्फ भरून आलेला.
मोजणीत धरत नाहीत असले.

मी धरते.