भांग

खडेबाजारात कंगवेवाल्याला म्हटलं, मोठ्या दातांचा दे.
तो माझ्या डोक्याकडं बघत राहिला.
"बाई, हे कंगव्याचं काम न्हवं. दाताळं लागंल."
दाताळं घरी हाय, मी म्हटलं,
तू कंगवा काढ की.

घर म्हणजे नंदगडच्या पुढं, रानात.
रविवारी मिस्साआधी फिलूमावशी
मला गुडघ्यांत धरून भांग पाडायला बसायची.
इकडचे केस तिकडं जायचे, तिकडचे इकडं.
खोबरेलाची वाटी संपायची, रेघ काही उमटायची नाही.
"ह्या डोक्यावर सीमा आखायची तर
कोर्टातच जावं लागंल," म्हणायची,
"आणि निकाल लागंस्तोवर तू म्हातारी."

शाळेत पेन्सिली माझ्या केसांत खोचलेल्या असायच्या
आणि मास्तर त्या बाकाखाली शोधायचे.
नववीपर्यंत मी एकही विकत घेतली नाही.

बसमध्ये कंडक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलला.
मी कन्नडात तिकीट मागितलं,
मराठीत सुट्टे.
देसूरपर्यंत तो बिचारा पैसे मोजत होता.

टिळकवाडीच्या पार्लरात
सरळ करायचा भाव साडेचार हजार.
"सहा महिने टिकतील," बाई म्हणाली.
आणि हे किती टिकतील?
"कुठले?"
हेच. आहेत ते.
ती जराशी गोंधळली. "हे काय, जन्मभर."
मग हेच राहू द्या, म्हटलं,
आणि तिच्या आरशात एकदा
नीट, सावकाश, फुकटात बघून घेतलं.

फोटोवाला मात्र हट्टी.
"नातालिन जुजे सिद्दी," त्यानं फॉर्म वाचला,
"केस जरा दाबून धरा, चौकटीत मावंनात."
मी दाबले. सोडले.
त्याच क्षणाला त्यानं बटण दाबलं.
आता माझ्या नर्सिंगच्या ओळखपत्रावर
कान नाहीत, खांदे नाहीत,
नुसता एक काळा ढग
आणि त्याच्या खाली हसणारे दात.
वॉचमन न बघताच आत सोडतो.

नीलव्वाच्या लग्नात मी तिच्या मागं उभी होते.
सगळ्यांच्या डोक्यावरच्या अक्षता
ओघळून चपलांखाली गेल्या.
माझ्यावरच्या राहिल्या.
मंगळवारी अंगणात केस सोडले
तर पिवळे तांदूळ पडायला लागले,
एक, चार, मग मूठभर.
कोंबड्या धावत आल्या.
"मोज तरी," मावशी म्हणाली,
"आशीर्वाद तिला, आणि साठा तुझ्याकडं."

मोजले नाहीत.
मान झटकली,
अजून पडले.