खिडकी

पुसाच्या महिन्यात सारा चिचटोला
दारांच्या फटीत चिंध्या कोंबून निजतो.
आमची खिडकी मात्र उघडी.
मागच्या खोलीत अकरा बॅटऱ्या चार्जिंगला,
आणि बाबा म्हणतात, त्या वायू सोडतात,
त्याला जायला वाट पाहिजे.

ना वास, ना रंग. पण कवडू वाघायेनं
एकदा तिथं बिडी शिलगावली,
त्याच्या भुवया अजून सारख्या उगवल्या नाहीत.

काळी वायर आधी काढायची, लाल आधी लावायची:
हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

सकाळी झटका मशीनवाले येतात, कानाला मफलर.
"मेली बे हे. रातभर तारेत करंट नाही,
डुकरायनं लाखोरी लोळवली."
बाबा डब्यावर तळवा ठेवतात, ताप पाहावा तसा.
"मेली नाही. गारठली. थंडीत हिचा जोर कमी पडते.
अर्धीच भरून कावून नेली?
डुकराले समजते ते तुले नाही."

सयाबाई उइके फवारणीचा पंप घेऊन आली,
दवानं ओला. लगेच चार्जरला लाव म्हणाली.
"लिथियम आहे. आधी अंगातली थंडी जाऊ दे."
मग ती बॅटरी चुलीकडे सरकवू लागली,
तर बाबा ओरडलेच.
शेवटी दोघी घरात बसल्या, ती आणि बॅटरी,
दीड तास. दोन कप चहा,
आणि नणदेच्या सोडचिठ्ठीची पूर्ण हकिगत.

गेल्या पुसात धाकटीची छाती भरली.
तिसऱ्या रात्री आईनं काही न बोलता
खिडकी लावली. कडी घातली.
बाबा उठले. मागच्या खोलीत गेले.
एकेक बटण बंद केल्याचा आवाज
मी गोधडीतून मोजला. अकरा.
मग येऊन तेही निजले.
घर पहिल्यांदाच उबेला आलं.

दुसऱ्या रात्री अकरा शेतांच्या तारा मुक्या.
पहाटेपर्यंत शिवारात डबे बडवत होते लोक,
आणि बाबा कूस बदलत होते.

सकाळी कवडू आला,
उपटलेल्या हरभऱ्याची पेंढी काखेत,
मुळांना माती, अर्धे घाटे चावलेले.
बाबा काही बोलायच्या आत
त्यानं ती ओसरीवर टाकली.
"डुकरायनं एवढाच ठेवला.
हुळा भाजून द्या पोरीले.
ताप उतरला का?"
मग लावलेल्या खिडकीकडे बघत
कानामागची बिडी
त्यानं कानामागेच राहू दिली.