देवक

दिवाळी उलटली की सिद्राम हेळवी येतो.
त्याचा बाप बैलावर यायचा, हा टीव्हीएसवर,
हँडलला घंटा मात्र तीच, बैलाच्या गळ्यातली.
मिरजेत, माझ्या मेसच्या दारात स्टँड लावतो
आणि पाणी प्यायच्या आत सुरू होतो:
साळुंख्यांचा मूळपुरुष कुठनं आला,
कुठल्या दुष्काळात नदी ओलांडली,
कुणाच्या पोटी कोण, त्याच्या पोटी कोण.
मधेच, आवाज न बदलता,
"राणोजीनं भावाचा बांध दोन हात खाल्ला,
त्याच्या पोटी मालोजी, हत्तीच्या छातीचा."
सासरे हे दरवर्षी खाली बघून ऐकायचे.
दरवर्षी धोतरजोडी द्यायचे.
वाखाणणाऱ्यानंच बांधाचंही सांगायचं,
त्याचेच पैसे.

फराई भाकरी मोडत बसला होता.
नर्सिंगचं दुसरं वर्ष, गाव झिंबाब्वेत.
पोरं त्याला फराळ म्हणतात, तोही ओ देतो.
हात ताटात तसाच ठेवून ऐकत राहिला.
"मावशी, तुमचं जनावर कुठलं ते सांगतोय का हा?"
जनावर नाही रे, पाखरू.
साळुंकीचं पीस. लग्नात तेच पुजायचं,
तिला दगड मारायचा नाही.
"आमचं म्होफू. हरीण, पण बैलाएवढं.
त्याचं मटण खाल्लं तर माझे दात पडणार."
दात सगळे जागेवर होते.

मग हात धुऊन तो सिद्रामपुढं उभा राहिला,
बोटांना बोटं लावून हळू टाळी देत
त्याच्या भाषेत म्हणू लागला.
कढीला उकळी आली, मी गॅस बारीक केला.
सिद्राम म्हणाला, "आमच्यातलंच आहे हे. श्वास तिथंच घेतोय.
ह्यांची वही कुणाकडं असते?"
वही नाही. आत्याला पाठ असते.
आणि मोबाइलवर बहीण दाखवली, हरारेत, माईकपुढं उभी,
त्याच चालीत रात्रपाळीच्या नर्सेसना वाखाणत होती.
त्यांच्या सुजलेल्या पायांना. आणि मधेच, म्हणे,
झोपलेल्या पेशंटवर खेकसल्याबद्दल एक टोमणासुद्धा.
सिद्राम मांडीवर थाप मारून हसला.

"आम्ही जेवून नुसतं थँक्यू म्हणत नाही.
रांधणारीच्या कुळाला हाक मारतो.
तिच्या मागं जे जे उभे, त्यांनी पण जेवण केलं ना."
माझ्यापुढं वाकला. "साळुंकी," म्हणाला, आणि अडला.
"पण हे तर काकांचं. तुमचं कुठलं?
आमच्यात बाई सासरी जाते, जनावर बापाचं घेऊन जाते."

सत्तावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
सिद्रामच्या वहीत मी आहे तशी:
महादूची बायको, डफळापूरची.
कळंब, म्हटलं. कळंबाची डहाळी.
दादांनी मांडवाच्या मेढीला बांधली होती,
हळदीच्या दिवशी पोरांनी ओढून पाडली, परत बांधली.
"कळंबाच्या लेकी," तो म्हणाला, पुन्हा टाळी,
पुढचं काही मला कळलं नाही, मी पदराला हात पुसत राहिले.

सिद्राम वहीची पानं उलटत होता.
"वैनी, लेकींची ओळ नसते. तुमचं डफळापूरचा हेळवी सांगणार."
तो कुठाय?
"गेला औंदा. पोरगं कुपवाडला कंपनीत असतंय."
पैसे घेतले, चिवडा घेतला, किक मारली.

रात्री मोरीत मोठं पातेलं घासताना
म्हणून बघितलं. पातेल्यात आवाज घुमतो.
शालन. कळंबाची.
चाळीस ताटं एका दमात वाढणारी,
महिनाअखेरीला आमटीत दोन तांबे पाणी सोडणारी,
शंकरची लेक,
शंकर लखूचा,
लखू
लखू कुणाचा, ते आठवेना.
नळ चालूच होता.