तात्पुरतं नाव

कुडचड्याच्या जेटीवर तीन दिवस शूटिंग झालं.
आमच्या वाट्याला त्यातली फक्त पाटी आली:
खडूने लिहिलेली तीन अक्षरं, आणि टाळी वाजावी तशी
मिटलेली.
*भरती.*
इनासच्या धाकट्याने ती गंजक्या बार्जच्या टपावरून वाचली
आणि रात्री आठला, रेल्वे फाटकाजवळच्या गाड्यावर,
रस-ऑम्लेटच्या वाफेत गावभर केली.

मला बॅनर सांगितलेला. वीस बाय दहा.
वर हिरोचा चेहरा, खाली नाव.
चेहरा होत आला होता, मिशीची डावी बाजू राहिलेली.
नावाची जागा पांढरी.

इनास म्हणाला, समुद्राचं आहे.
तेवीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला
भरती म्हणजे दुसरं काय दिसणार?
सगुण हसला. कारकुनाची परीक्षा चार वेळा दिलेला,
चारही वेळा यादी लागण्याआधीच यादी ठाऊक झालेला.
'नोकरभरती. हिरो नापास होणार.
पास झाला, तर मी तिकिटाचे पैसे परत मागीन.'
प्राची मडगावला कॉलेजात जाते,
कोरियन सिनेमे बघते, आमच्यात बसते ती पावासाठी.
म्हणाली, 'भरतीची गाणी, भरतीचे विनोद,
दोन तास भरती, अर्धा तास सिनेमा.
माणूस प्रामाणिक आहे, आधीच सांगून टाकलंय.'
गाडेवाला यसो उलथनं थांबवून म्हणाला,
'बांगड्यात रेशाद भरतात, ती नव्हे ना?'

'आणि पडला तर?'
'तर पेपरवाल्यांना मथळा फुकट. ओहोटी.'
इथे मात्र सगळ्यांचं एकमत झालं.
नाव ठेवायच्या आधीच
नावं ठेवून झाली होती.
मग नवी सुचली: लाल पाणी. फाटक बंद. शेवटची बार्ज.
शेवटची बार्ज म्हटल्यावर
कुणी काही बोललं नाही,
जेटीकडे बघितलंही नाही.

तेवढ्यात रोहिदास आला. हेल्मेट हातातच.
'कितें रे, इतका उशीर?'
'बाबांना भरती केलंय. बांबोळीला. सकाळी.'

हा अर्थ आमच्यातल्या कुणी काढला नव्हता.
यसोने गॅस बारीक केला.
सगुणने आपल्या पुढ्यातला पाव त्याच्याकडे सरकवला, अर्धा खाल्लेला,
मग लाजून दुसरा मागवला.

रोहिदासचे बाबा म्हणजे थेटरच्या दारातले पुंडलिकमाम.
तीस वर्षं तिकिटं फाडली.
अर्धं आपल्या हातात, अर्धं तारेत ओवायला.
आम्ही सगळे त्यांच्या कोपराखालून
अंधारात शिरलेलो, काही जण तर बिनतिकिटाचे,
आणि ते त्यांना माहीत असायचं.
थेटरात आता सोफासेट विकतात.

प्राची मोबाइल बघत होती. हळूच म्हणाली,
'अरे, ते खरं नावच नाही. वर्किंग टायटल.
गर्दी होऊ नये म्हणून लिहितात काहीतरी.
खरं मागाहून.'
इनासला ते पटलं नाही. 'काहीतरी कसं? खडूने लिहिलेलं!'

मला हसू आलं, ते मी चहात लपवलं.
बारसं होईपर्यंत बाबू म्हणा, असं ठरलं होतं माझं.
आजा वारला, सुतक आलं, बारसं राहिलं.
पोर्तुगीज कचेरीतल्या कारकुनाने कानाला आलं ते लिहून घेतलं,
ते मला धड उच्चारता येत नाही.
अडुसष्ट वर्षं तात्पुरत्या नावावर निघाली,
आणि हाक मारली की मी वळतो.

घरी येऊन पांढऱ्या जागेवर खडूने रेघा मारल्या.
भ काढला. पुसला. पुन्हा काढला.
साडेदहाला रोहिदासचा फोन.
'बाबा विचारतायत, पेंटरान नाव काय घातलं?'
म्हटलं, अजून भांडतायत.
मागून पुंडलिकमामांचा आवाज आला, नळीतून आल्यासारखा,
नीट कळलं नाही.
'काय म्हणतात?'
'म्हणतात, पहिल्या खेळाला दाराशी कोण आहे ते विचार.'

काय सांगणार.
रंग वाळत आला होता.
मी मिशीची डावी बाजू करून घेतली.