रुकावट

लष्करात, दौलतगंजच्या एका अरुंद जिन्यावर,
शिंपी आणि दाताचा डॉक्टर यांच्या मधे
रज्जू कुशवाहाचं केबलचं ऑफिस होतं.
दर शनिवारी रात्री साडेआठला तिथून
'बोला, चुका, जिंका' थेट घराघरांत जायचं,
म्हणजे ज्यांनी महिन्याचे ऐंशी रुपये भरले असतील
त्यांच्या घराघरांत.

विषय एकच, टीव्ही.
कुठल्या साबणाच्या जाहिरातीत कुत्रं होतं,
शेतीच्या कार्यक्रमातले काका कुठल्या हातानं टोपी काढत,
मालिकेतली सासू मेली ती किती वेळा.
बरोबर उत्तराला एक गुण.
चुकलेलं, पण हसवणारं, त्याला दोन.
नियम रज्जूचा, फळा माझा.
मी अकरावीत. पगार एक कचोरी.

बेबीताई मोघे गाणं शिकवायच्या;
उत्तर आठवलं नाही की त्याची चाल म्हणून दाखवायच्या.
किल्लेदार वकील प्रश्नालाच हरकत घ्यायचे.
पप्पू जादौनच्या घरी टीव्हीच नव्हता,
तो कायम पहिला.
आणि शेवटच्या खुर्चीत, पंख्याचा वारा न पोचणाऱ्या,
दामोदर तांबवेकर, तारघरातून निवृत्त.

तांबवेकरांना सगळं यायचं.
चौऱ्याऐंशीपासूनची वही होती त्यांच्याकडे, कापडी बांधणीची :
तारीख, कार्यक्रम, वेळ,
आणि लाल शाईत : रुकावट, अकरा मिनिटं.
रुकावट, सव्वासहा मिनिटं.
उत्तर देत ते तारेसारखं,
शब्दागणिक पैसे पडत असल्यासारखं.
"कुत्रं. पांढरं. डावीकडे."
एक गुण.
कुणी हसायचं नाही. मीसुद्धा.

असे चौतीस शनिवार. चौतीस वेळा शेवटचे.
एकदा जिना उतरताना त्यांनी मला विचारलं,
"पोरी, विनोद म्हणजे नेमकं काय चुकवायचं असतं?"
मला सांगता आलं नाही.
गणित असतं तर सांगितलं असतं.

पस्तिसाव्या शनिवारी रज्जूनं विचारलं,
"कार्यक्रम मधेच बंद पडला,
तर पूर्वी पडद्यावर काय दिसायचं?"
तांबवेकरांनी सायकलची घंटी दाबली.
चष्मा काढून खिशात ठेवला,
हात मांड्यांवर, मान ताठ,
आणि थांबले.

नुसते थांबले.
पापणी नाही, श्वास नाही, माशी बसली तरी नाही.
आधी बेबीताईंना ठसका लागला,
मग वकिलांनी आपली हरकत मागे घेतली,
पप्पू टेबलाखाली गेला तो वर येईना,
कॅमेरा धरणाऱ्या पोराचा हात असा हलला
की सगळं लष्कर भूकंपात सापडलं असणार.
मी दोन लिहिले, पुसले, पाच लिहिले.
नियमात नव्हतं. कुणी विचारलंही नाही.
तांबवेकर थांबलेलेच.
मग घड्याळ न पाहता म्हणाले,
"चार मिनिटं. सत्त्याऐंशीची. सगळ्यांत छोटी घेतली."

खाली उतरलो तर काळोख.
आम्ही वर जनरेटरवर;
बाड्यापासून कंपूपर्यंत बत्ती गुल होती
आठ बत्तीसपासून.
एकाही घरात दिसलं नव्हतं.

टॉर्च धरून मी त्यांना पोचवायला गेले.
काकू दारात मेणबत्ती घेऊन :
"आज काय झालं हो? इकडे लाइट गेली."
चप्पल काढता काढता ते म्हणाले,
"काही नाही. रुकावट होती."

त्या कॅसेटवर रज्जूनं पुढच्याच महिन्यात
भाच्याचं लग्न भरलं.
परवा, त्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला
ती लावली होती, मोठ्या पडद्यावर.
हळद झाली, घोडी आली, आणि वरमालेच्या आधी
एक चट्टा, तीनेक सेकंदांचा :
शेवटची खुर्ची, ताठ मान, बिनचष्म्याचे डोळे.

"अरे, अटक गई," मागून कुणीतरी ओरडलं.
नवरदेव रिमोट शोधायला उठला.
आणि मी एकटी, भरल्या हॉलमधे,
तोंडावर रुमाल दाबून
हसत सुटले.