थोरला, मधला, धाकटा

जुबैलच्या त्या पोर्टाकॅबिनमध्ये
माझ्या आधी रौफ फणसोपकर बसायचा.
मी रुजू झालो त्याच्या चार दिवस आधी
त्याची फायनल एक्झिट लागली.
ड्रॉवरमध्ये पंच मशीन, मलमाची अर्धी डबी,
आणि मास्तरी अक्षरातली पिवळी चिठ्ठी:
"जागा हवी तर एंटर मारू नकोस, स्टाईलला सांग.
हाताने ठळक करशील तर हातानेच निस्तरशील."

मला वाटलं, म्हातारा सटकलेला असणार.

मग कागद येऊ लागले.
हानीची वेल्डिंगची प्रोसीजर, तीन पानांत चार फॉन्ट.
बिजॉय कुठून तरी उचलून चिकटवतो,
त्याच्या परिच्छेदांना अजून जुन्या कंपनीचा निळा रंग,
शेजारून आलेल्या डब्याला त्यांच्या फोडणीचा वास असतो तसा.
जेरिको स्पेसबार दाबत दाबत
तारखेला उजव्या कडेपर्यंत चालवत नेतो
आणि प्रिंटरवर पोचेपर्यंत ती
खालच्या ओळीत कोसळलेली असते.
४.२ नंतर ४.२.
शटडाऊनला अकरा दिवस.

त्या रात्री मी रौफचं टेम्प्लेट उघडलं.
स्टाईलची यादी, रोमन अक्षरांत, पण आपली:
थोरला, सोळा पॉइंट, ठळक.
मधला, तेरा.
धाकटा, अकरा, जरासा तिरका.
तक्त्यातल्या मजकुराचं नाव पंगत.
धोक्याच्या सूचनेची लाल चौकट: फुफी.
मी एकटाच हसलो. एसीने उत्तर दिल्यासारखा आवाज केला.

सकाळी हानीचे चार फॉन्ट त्यात ओतले
आणि सगळे मुकाट आपापल्या जागी बसले.

नंतर कळलं, अख्खं ऑफिस हेच बोलतं.
"बिजॉय, इसको मधला लगाओ."
"फुफी किधर गया? गॅस टेस्ट का फुफी डालो."
हानीच्या तोंडी तोर्ला.
अरबी प्रतीत सगळं उजवीकडून सुरू होतं,
तिथे थोरला उजव्या भिंतीला पाठ टेकून उभा.
अर्थ कुणालाच माहीत नाही.
रौफने सांगितला नव्हता, मीही सांगितला नाही.
परक्या मुलखात एवढं तरी झाकलेलं असू द्यावं.

मार्चमध्ये क्लायंटचं पत्र आलं:
नवं टेम्प्लेट, नवा लोगो,
स्टाईलची नावं सर्वमान्य हवीत.
अबू राकान म्हणाले, गुरुवारपर्यंत.
बाहेर शमाल सुटलेला, खिडकीच्या फटीतून
कीबोर्डवर बारीक वाळू.
मी नावं बदलत गेलो.
पंगत उठली. फुफी गेली.
थोरल्यावर आलो तेव्हा
हानी मागे उभा होता, कागद घेऊन.
"काय अर्थ रे ह्याचा? इतकी वर्षं विचारायचं राहिलं."
घरातला पहिला मुलगा, मी म्हटलं. सगळ्यात मोठा.
तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.
"अना कमान," म्हणाला. मीपण.
आणि सही न घेताच कागद परत घेऊन गेला.

नाव बदललं. पण आतल्या खिडकीत
रौफने केलेली एक खूण सापडली:
पुढच्या ओळीसोबत ठेवा.
म्हणजे पान कुठेही संपो,
थोरल्याला तळाशी एकटं सोडायचं नाही,
मागची ओळ येत नसेल
तर त्यालाच घेऊन पुढच्या पानावर जायचं.
मधल्यालाही तीच खूण. धाकट्यालाही.

ती तशीच ठेवली.
फाइलच्या माहितीत लेखकाच्या जागी
अजून आर. फणसोपकर आहे.
क्लायंटने त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.