दोन खरी, एक खोटं

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावर वर्ग.
जिना इतका अरुंद की
चढणाऱ्यानं उतरणाऱ्याला आधी हाक द्यायची.
ही माझी पहिली ॲक्टिव्हिटी.
'आय ॲम कमिंग!'
वरून उत्तर: 'आय ॲम गोइंग, सो यू वेट!'
व्याकरण बरोबर.
नम्रता पुढच्या आठवड्यात.

साडेसात ते नऊ. अकरा माणसं, सात बाकं,
आणि एक पंखा, ज्याला फक्त तीन नंबर माहीत.
चित्रांच्या चिठ्ठ्या उडतात
म्हणून प्रत्येकीवर खारी सिंग ठेवते, चार-चार दाणे.
उत्तर आलं की दाणे त्याचे.
आठवड्याभरात फळं, भाज्या, वाहनं
सगळी खाऊन झाली.

भिकाभाई प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त.
नातू न्यू जर्सीत, फोनवर भराभर बोलतो
आणि हे 'येस बेटा, येस बेटा'.
एकदा त्यानं विचारलं होतं, दादा, आर यू सिक?
सुनेनं रात्री दीडला शेजाऱ्यांना उठवलं.
दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी फी भरली.

'हॅव' शिकवायला मला तीन दिवस लागले.
आपल्याकडे मुलगी मला असते, पैसे माझ्याजवळ, ताप अंगात.
तिकडे सगळं एकाच खुंटीला.
भिकाभाई म्हणाले, सोपं आहे की,
इंजिन एक, डबे कसलेही.

मूक अभिनयाच्या दिवशी रामसिंग राठवा उठला.
छोटा उदेपूरचा, रात्री एटीएमवर असतो.
वाकला, उचललं, पुन्हा वाकला,
मग वर पाहिलं, जसं कुणी उजाडायची वाट बघतं.
स्वीपिंग? नो. प्रेइंग? नो.
की लॉस्ट?
शेवटी तोच म्हणाला, महुडा वेचतोय.
मी फळ्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं, पुढे आयएनजी लावलं.
त्या संध्याकाळी इंग्रजीत एक क्रियापद वाढलं,
निदान जिन्यापर्यंत.

आणि काल तो खेळ:
तीन वाक्यं बोला, दोन खरी, एक खोटं.
आम्ही ओळखू.

हसुमतीबेन उभ्या राहिल्या.
शाळेत मुलांचं जेवण रांधतात, हाताला हळदीचा वास.
दिवाळीत त्यांनीच वर्गाला खजूर वाटला होता,
'एमणे मोकल्युं छे, मस्कतथी.'
पदर सारखा केला. बोटं मोडत मोजलं.
'आय हॅव वन स्कूटर.
आय हॅव फिअर ऑफ डॉग्ज.
आय हॅव नो हजबंड.'

वर्ग हसला. दहाही बोटं तिसऱ्या वाक्यावर.
मीही खडूनं तिसऱ्यावर फुली मारायला निघाले.

'नो,' त्या म्हणाल्या. 'सेकंड.
डॉग्ज कम विथ मी. फोर डॉग्ज. डेली.'

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
चिठ्ठ्या उडाल्या, कुणी धरल्या नाहीत.
अकरा वर्षं, असं त्यांनी मग सांगितलं,
म्हणजे 'इलेव्हन इयर' एवढंच,
अनेकवचनाचा एस मी मागितला नाही.
पोळात कुणाला माहीत नाही, सासूनं शपथ घातलेली.
घरच्या भाषेत शपथ घातली होती.
या भाषेत कुणी घातली नव्हती.

रामसिंगला राहवेना. 'देन डेट्स?'
'मांडवी मार्केट. टू हंड्रेड फॉर्टी, वन किलो.'
धडा पाचवा, भाव विचारणे. एकही चूक नाही.

भिकाभाईंनी घसा साफ केला.
'व्हेरी गुड सेंटेन्स,' म्हणाले,
आणि आपले सिंगदाणे तिच्या बाकावर सरकवले.

नऊ वाजले. मी फळा पुसला,
तिसरं वाक्य सगळ्यात शेवटी.
एकेक करून सगळे जिन्यात शिरले,
आय ॲम गोइंग, आय ॲम गोइंग,
खाली तर कुणीच नव्हतं.
चौथ्या पायरीशी कुणीतरी उकाड्याबद्दल बोललं,
सगळे पुन्हा गुजरातीत आले
आणि हसुमतीबेनचा नवरा
परत मस्कतला गेला.